साडेतीन महिने गप्प, आणि आता म्हणे सोमवारपर्यंत कळवा

डिसेंबरात पीएचडीच्या जागेसाठी मुलाखत घेतलीत. दीड तास. माझ्या एमएस्सीच्या प्रोजेक्टमधल्या एका ग्राफवर वीस मिनिटं खल केलात. मग साडेतीन महिने चिडीचूप. मी दोनदा मेल टाकले, अगदी नाक घासून. उत्तर नाही. आणि आता मार्च संपताना, गुरुवारी संध्याकाळी, जर्मनीहून मेल येतो: अभिनंदन, सोमवारी दुपारपर्यंत कळवा. अहो, मधे शनिवार-रविवार आहे! आठवडाभराची मुदत मागितली, तर उत्तर सतरा मिनिटांत हजर. 'आमच्याकडे इतरही चांगले उमेदवार आहेत.' म्हणजे मेल वाचता येतात तर!

अमेरिकेतली ऑफर फेब्रुवारीपासून हातात आहे. तिथे निदान १५ एप्रिल तरी आहे. कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स या तिथल्या विद्यापीठांच्या संघटनेच्या ठरावावर ज्या विद्यापीठांनी सह्या केल्यात, त्यांनी फंडिंगच्या ऑफरचं उत्तर त्या तारखेआधी द्यायला विद्यार्थ्याला भाग पाडायचं नाही. पण जर्मनीला त्याचं काय? तिकडे पीएचडी म्हणजे बहुतेक वेळा नोकरीच, प्रोफेसर म्हणेल ती तारीख. करार बऱ्याचदा ६५ टक्के पगाराचा, काम मात्र शंभर टक्के, हे तिथलीच मुलं सांगतात.

आणि इथे आमचे सर. जेआरएफ (संशोधनासाठीची सरकारी फेलोशिप) निघाली त्या दिवशीच त्यांनी मनात मला लॅबमध्ये बसवून टाकलं. महिना ३७,००० आणि वर एचआरए, आणखी काय हवं? त्यांनीच सहा ठिकाणी रेकमेंडेशन लेटर दिली, हे खरं. (मसुदे मीच लिहिले होते, तो भाग सोडा.) आता जर्मनीचं सांगितलं तर म्हणतात, 'बघ बाई, फील्ड छोटं आहे, नाती जपून वाग.'

नाती मीच का जपायची? साडेतीन महिने गप्प बसणाऱ्याला कुणी सांगितलंय का, फील्ड छोटं आहे म्हणून? आपल्याकडे स्थळवालेसुद्धा 'कळवतो' तरी म्हणतात!

काल रात्री जर्मनीला नकाराचा मेल लिहायला बसले. सहा ओळी, तीन तास. 'सॉरी' घातलं, काढलं, पुन्हा घातलं. अमेरिकेचं नाव सांगायचं की नको? सांगितलं तर मिरवल्यासारखं, नाही सांगितलं तर लपवल्यासारखं. पुढे कधी कॉन्फरन्समध्ये हाच माणूस समोर आला तर? त्याला माझं नावही आठवणार नाही, आणि मी इथे पहाटे दोनला स्वल्पविराम हलवतेय.

हो, मीही कुणाची तरी जागा अडवून बसले होते, ठाऊक आहे. दुसऱ्या एका ठिकाणी मी स्वतःच वेटिंग लिस्टवर आहे, रोज पोर्टल उघडते. म्हणून तर पंधरा तारखेची वाट न बघता आज दोन्ही मेल पाठवून दिले, एक होकाराचा, एक नकाराचा. आणि त्या वेटिंगवाल्यांनाही कळवलं, माझं नाव काढा.

अमेरिकेतल्या बाईंचं तासाभरात उत्तर आलं, खूश आहेत. जर्मनी पुन्हा चिडीचूप. सरांना प्रत्यक्ष जाऊन सांगितलं, पेढे घेऊन. त्यांनी पेढा घेतला, अर्धा खाल्ला, आणि विचारलं, 'मग शुक्रवारचं लॅबमधल्या एचपीएलसी मशीनचं बुकिंग कुणाच्या नावावर करू?'