परिपत्रक आले आहे, घाबरू नका

आपण एखाद्या सरकारी कार्यालयाचे प्रमुख असाल, तर ऊर्जाबचतीचे परिपत्रक कधी ना कधी आपल्या टेबलावर येणारच. ते महाऊर्जेचे, म्हणजे महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरणाचे असेल, तर त्यात २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्याचा उल्लेख असेल, कारण या कायद्याची राज्यातील अंमलबजावणी याच संस्थेकडे सोपवलेली आहे. कायद्याचे नाव पाहून दचकण्याचे कारण नाही. अपारंपरिक ऊर्जेचा प्रसार आणि विजेची काटकसर ही संस्थेची कामे आहेत. आपले काम परिपत्रकावर ‘आवश्यक कार्यवाहीस्तव’ असा शेरा मारून ते खाली पाठवण्याचे आहे.

१४ डिसेंबर, म्हणजे राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन, मात्र दणक्यात साजरा करावा. त्यासाठी मोठा फ्लेक्स लावावा, सर्वांनी हात पुढे करून शपथ घ्यावी आणि हात खाली येण्यापूर्वी छायाचित्र काढून घ्यावे. प्रमुख पाहुण्यांचे भाषण संपेपर्यंत त्यांच्या गाडीचा एसी बाहेर आवारात चालूच राहील. त्याकडे लक्ष देण्याची गरज नाही, कारण ते डिझेल आहे आणि आजचा विषय वीज आहे. निबंध स्पर्धा शाळकरी मुलांसाठीच ठेवावी. ज्यांच्या हाती एकही बटण नाही, त्यांच्याकडून बचतीचा उपदेश ऐकणे फारच हृद्य असते.

त्यानंतर ऊर्जा लेखापरीक्षण करून घ्यावे. हे टाळण्याची चूक अनेक जण करतात. परीक्षक विजेचा प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर आणि प्रकाश मोजण्याचे यंत्र घेऊन येतो, भर दुपारी ओढून घेतलेला पडदा बाजूला सारतो, खिडकीजवळच्या टेबलावरील फाईलवर ते यंत्र ठेवतो आणि तेथे दिवा लावण्याची मुळीच गरज नसल्याचे दाखवून देतो. आपण कौतुकाने मान डोलवावी आणि तो गेल्यावर पडदा पुन्हा ओढून घ्यावा, कारण उजेडात संगणकाचा पडदा दिसत नाही. सभागृहातील आठही ट्यूब एकाच बटणावर असल्याने एका कोपऱ्यात बसलेल्या लिपिकासाठी आठही पेटतात, हे निरीक्षणही अहवालात येईल. वायरमनला बोलावून दोन बटणे वेगळी करून घेणे ही अर्ध्या दिवसाची बाब आहे. म्हणूनच ती ‘संपूर्ण विद्युतीकरणाच्या नूतनीकरण प्रस्तावात’ समाविष्ट करावी. असा प्रस्ताव आपल्या बदलीपर्यंत सहज पुरतो.

खरी कसोटी खरेदीची आहे आणि येथे आपल्याला नियमांचे भक्कम पाठबळ आहे. जुना छताचा पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो. बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेल्या, मोटरचा पंखा तेवढाच वारा सुमारे ३० वॅटमध्ये देतो. दिवसाला दहा तास आणि वर्षाला ३०० दिवस धरले, तर एका पंख्यामागे १३५ युनिट वाचतात, म्हणजे शंभर पंख्यांच्या कार्यालयात साडेतेरा हजार. हा हिशेब कोणी मांडला तर त्याचे अभिनंदन करावे आणि एकच प्रश्न विचारावा: पंखे कोणत्या लेखाशीर्षातून, म्हणजे अंदाजपत्रकातील कोणत्या खात्यातून, घ्यायचे? खरेदीचे शीर्ष वेगळे, दुरुस्तीचे वेगळे आणि वीज देयकाचे आणखी वेगळे. दुरुस्तीत पैसे शिल्लक आहेत, तेव्हा जुन्याच पंख्याची मोटर पुन्हा गुंडाळून घ्यावी. वाचलेले साडेतेरा हजार युनिट आपल्या हाती रुपयांच्या रूपाने कधीच येत नाहीत. येते ते एवढेच की पुढील वर्षीची विजेची तरतूद खर्च झाली नाही म्हणून कमी होते. जो बचत करतो त्याचा हात आखडतो आणि जो उधळतो त्याला पुरवणी मागणी मंजूर होते. ही व्यवस्था ज्याने कोणी रचली असेल, त्याला मनुष्यस्वभावाची उत्तम जाण असावी. नवा पंखा घेण्याची वेळ आलीच, तर जानेवारी २०२३ पासून पंख्यांनाही तारांकन, म्हणजे वीजबचतीनुसार ताऱ्यांचा दर्जा, सक्तीचे आहे, हे लक्षात ठेवून एका ताऱ्याचा घ्यावा. तो न्यूनतम दरात बसतो आणि एक तारा म्हणजे उत्तीर्णच की.

एसीबाबत थोडे सावध असावे. तारांकित रूम एसी १ जानेवारी २०२० पासून सुरू होताना आपणहून २४ अंशांवर असतात आणि तापमान एक अंशाने वाढवले की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. उपाय सोपा आहे. सकाळी शिपायाने आपल्या आगमनापूर्वी रिमोट घेऊन तो १८ वर आणावा आणि आपण खुर्चीच्या पाठीवर एक जाकीट कायम टांगून ठेवावे.

छतावर सौरसंच बसवला असेल तर आपण जवळजवळ सुटलात, कारण सौरसंचाच्या उद्घाटनाची फीत एकदाच कापायची असते. एक किलोवॉटचा संच चांगल्या उन्हात दिवसाला साधारण चार युनिट देतो, मात्र त्यासाठी पॅनेल धुवावी लागतात, आणि पॅनेल धुणे हे कोणत्याही पदाच्या कर्तव्यसूचीत नमूद नाही. कबुतरे आपले काम करीत राहतील, पावसाळा त्याचे करील. इन्व्हर्टरवर लाल दिवा लागला असेल, तर तो हिरवा कधी होता हे ठाऊक असणारा कर्मचारी निवृत्त होईपर्यंत थांबावे. वार्षिक देखभालीचा करार संपल्याचे मात्र कोणाच्या लक्षात आणून देऊ नये. त्यातून नस्ती (फाईल) सुरू होते.

एवढी दक्षता घेऊनही एखादा तरुण कनिष्ठ अभियंता मागील तीन वर्षांची देयके मागतो, मीटरचे आकडे स्वतः टिपतो आणि रात्री आठ वाजता रिकाम्या कार्यालयात कोणते मजले पेटलेले असतात, याची नोंद ठेवू लागतो. त्याच्यावर रागावू नये. त्याला ऊर्जा संवर्धन समितीचा सदस्य-सचिव करावे, दर महिन्याला बैठक घेण्याची आणि इतिवृत्त पाच प्रतींत सादर करण्याची जबाबदारी लेखी द्यावी, आणि पहिल्याच बैठकीचा विषय समितीसाठी स्वतंत्र वातानुकूलित कक्ष उपलब्ध करून देण्याचा ठेवावा.