शाळा अमेरिकन, शिक्षक दोन वर्षांचे

माझ्या मुलीला अकरावीत इंग्रजी शिकवणाऱ्या बाई जूनमध्ये शाळा सोडून गेल्या. पुढच्या वर्षी आपण दुसऱ्या देशात असणार, हे तिच्या कौन्सेलरनी, म्हणजे कॉलेजच्या अर्जांसाठी मार्गदर्शन करणाऱ्यांनी, तर मार्चमध्येच सांगून टाकलं होतं. म्हणजे बारावीच्या ऑगस्टमध्ये, कॉलेजचे अर्ज भरायच्या ऐन वेळी, तिला नीट ओळखणारी दोन्ही माणसं शाळेत नव्हती. नव्या कौन्सेलरनी पहिल्याच भेटीत तिच्या नावाचा उच्चार चुकवला. त्यांना तरी काय बोलणार? त्यांच्या वाट्याला पन्नासेक मुलं आली होती आणि त्या देशात येऊन त्यांना जेमतेम नऊ दिवस झाले होते.

आम्ही तेव्हा परदेशात होतो. कुठे ते सांगत नाही, कारण हे सगळीकडे असंच चालतं. शाळेच्या नावात 'अमेरिकन' होतं, दारात पिवळ्या बस होत्या, कॉरिडॉरमध्ये लॉकर होते. फीचा आकडा ऐकून नवऱ्याने दोनदा विचारलं होतं, हे एका वर्षाचे की बारावीपर्यंतचे.

आता ओळखीतलं कुणी ना कुणी बदली घेऊन बाहेर निघतं आणि मला फोन येतो: "अमेरिकन सिलॅबस कसा असतो गं?" तेव्हा आधी हेच सांगावं लागतं की असा सिलॅबस नसतोच.

मलाही तिथे जाऊनच कळलं. अमेरिकेत सगळ्या देशाचं मिळून एक बोर्ड नाही. त्यांच्या राज्यघटनेत शिक्षणाचा उल्लेखच नाही, आणि जे अधिकार केंद्राला दिलेले नाहीत ते राज्यांचे, असं १७९१ची दहावी दुरुस्ती सांगते. त्यामुळे पन्नास राज्यांचे पन्नास ढंग, आणि राज्याच्या आतही बराचसा कारभार गावोगावच्या स्कूल बोर्डांच्या हातात. १९७९ साली केंद्रात स्वतंत्र शिक्षण खातं काढायचा कायदा झाला, तर त्याच कायद्यात लिहून ठेवलं की या खात्याने शाळांच्या अभ्यासक्रमात नाक खुपसायचं नाही. २०१०मध्ये 'कॉमन कोअर' नावाची भाषेची आणि गणिताची सामाईक मानकं आली, तीही राज्यांनी आपापल्या मर्जीने घ्यायची. बहुतेकांनी घेतली, काहींनी घेऊन पुन्हा सोडून दिली. परदेशातली शाळा 'आमचा अमेरिकन करिक्युलम' म्हणते तेव्हा तिने यातलं हवं ते उचलून स्वतःची मोट बांधलेली असते. मोट चांगली बांधलेली असू शकते. पण बांधणारी शाळाच असते.

पाटीवरूनही फार काही कळत नाही. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यात परदेशातल्या शाळांसाठी १९६४पासून एक कार्यालय आहे. ते जगभरातल्या दोनशेच्या आसपास शाळांना मदत करतं, पण त्या चालवत नाही. (सैनिकांच्या मुलांच्या शाळा वेगळ्या, त्या दुसऱ्या महायुद्धानंतर १९४६मध्ये सुरू झाल्या आणि थेट संरक्षण खात्याच्या आहेत. आपल्यासारख्यांचा तिथे संबंध येत नाही.) बाकीच्यांत इस्तंबूलचं १८६३चं रॉबर्ट कॉलेज आहे, मेक्सिको सिटीतली १८८८ची शाळा आहे, टोकियोतली १९०२ची आहे, आणि परवा-परवा एखाद्या कंपनीने धंदा म्हणून काढलेलीही आहे. पिवळी बस सगळ्यांकडे असते.

मग या सगळ्यात अमेरिकन नेमकं काय? मला ते एका कागदावर दिसलं.

मुलगी नववीत, पहिलंच वर्ष. विज्ञानाचा लॅब रिपोर्ट तपासून आला. लंबकाचा प्रयोग होता, दहा झोक्यांना किती सेकंद लागतात ते पाच वेळा मोजायचं. कागदावर एकही बरोबरची खूण नाही, वर गुण नाहीत. खाली चार रकान्यांची रूब्रिक, म्हणजे कुठली बाजू किती जमली ते दाखवणारा तक्ता, 'निष्कर्ष'च्या ओळीत दुसऱ्या रकान्याला गोल. आणि समासात हिरव्या पेनाने लिहिलेलं: तुझा तिसरा आकडा बाकीच्यांशी जुळत नाही आणि तू तो लपवला नाहीस, हे आवडलं. पण तो का जुळत नसेल? एक परिच्छेद लिहून शुक्रवारी आण.

नवऱ्याने कागद उलटून मागची बाजूही पाहिली. "मग मार्क किती?"

मुलगी दोन दिवस घरात किल्ल्यांचा जुडगा दोऱ्याला बांधून हलवत बसली. शेवटी सापडलं. सोडल्याबरोबर 'एक' म्हटलं की पहिला झोका पूर्ण व्हायच्या आतच मोजला जातो, म्हणजे दहा म्हणेपर्यंत नऊच होतात. तिसऱ्या वेळी मोजणारी मैत्रीण वेगळी होती, तिने तसं मोजलं होतं. शुक्रवारी परिच्छेद गेला, सोमवारी ग्रेड आली: ए मायनस.

या पद्धतीचा जीव तिथे आहे. ग्रेड त्या सरांची. वर्षाच्या शेवटी दुसऱ्या गावचा कुणी अनोळखी परीक्षक ती तपासणार नव्हता. नववी ते बारावी अशा चार वर्षांच्या ग्रेडची सरासरी काढून चारपैकी जीपीए निघतो, तो ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे चार वर्षांच्या ग्रेडपत्रकावर, चढतो आणि कॉलेजात जातो. डिप्लोमासाठी, म्हणजे बारावी पूर्ण केल्याच्या दाखल्यासाठी, लागतात ती क्रेडिटं, म्हणजे अमुक विषयाचे अमुक तास केले याची पावती. या हिशोबाचं मूळ गमतीदार आहे. १९०५मध्ये अमेरिकेतले पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगींनी प्राध्यापकांच्या पेन्शनसाठी पैसे दिले. पेन्शन कुठल्या कॉलेजांना द्यायची हे ठरवायला आधी कॉलेज कशाला म्हणायचं हे ठरवणं आलं, त्यासाठी प्रवेशाच्या अटी आल्या, आणि त्या मोजायला १९०६मध्ये सुमारे १२० तासांचं एक एकक ठरलं. सव्वाशे वर्षं होत आली, जगभरातली मुलं अजून प्राध्यापकांच्या पेन्शनच्या मापाने पास होताहेत.

पण तास मोजून काय शिकलं ते कळत नाही, ते शिक्षकच सांगू शकतो. म्हणून अर्जाबरोबर शिक्षकांची शिफारसपत्रं लागतात, कौन्सेलरचं पत्र लागतं, आणि आमच्याकडची ए म्हणजे काय हे सांगणारं शाळेचं प्रोफाइलही जोडतात. सगळा डोलारा एका गृहीतावर उभा आहे: शाळेत अशी मोठी माणसं आहेत ज्यांनी या मुलाला वर्षानुवर्षं पाहिलंय आणि ज्यांच्या शब्दाला वजन आहे.

आणि हे गृहीत परदेशी शाळांमध्ये ज्यांच्या खांद्यावर असतं, त्या शिक्षकांचा पहिला करार साधारण दोन वर्षांचा असतो.

दुसऱ्या वर्षीच्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच त्यांना कळवावं लागतं, राहणार की जाणार. जानेवारीपासून भरतीचे मेळावे, व्हिडिओवर मुलाखती, आणि जूनमध्ये बॅगा. मी त्यांना नावं ठेवत नाही. पंचविशी-तिशीतली माणसं, जग बघायला निघालेली, राहायला घर मिळतं, वर्षाला घरी जायचं तिकीट मिळतं, कुणीही जाईल. आम्हीही चार वर्षांनी निघालोच की. पण त्या हिरव्या पेनाच्या सरांनाही ती दहावीत जाईपर्यंत निरोप देऊन झाला होता, आणि नंतर आलेल्या दोघांच्या ए मायनसमध्ये जमीन-अस्मानाचा फरक होता.

दुसरी गोष्ट पालकांची, म्हणजे आमचीच. ग्रेड शिक्षकाच्या हातात आणि फी आमच्या हातात, हे समीकरण बरं नाही. पालकसभेत एका गृहस्थांनी उभं राहून सांगितलेलं मी ऐकलंय की त्यांच्या मुलाला बी प्लस मिळाल्याने त्याचं भवितव्य धोक्यात आहे. प्रिन्सिपल खूप वेळ मान डोलावत होत्या. पुढे त्या बी प्लसचं काय झालं मला माहीत नाही, पण नव्याने आलेला, करार वाढवून हवा असलेला शिक्षक त्या सभेनंतर पेन उचलताना काय विचार करेल याचा अंदाज आहे.

अ‍ॅक्रेडिटेशन (बाहेरच्या संस्थेने शाळा तपासून दिलेली मान्यता) असतं की, असं मला सांगतात. असतं, आणि असायलाच हवं, नसेल त्या शाळेकडे फिरकूही नका. पण ती समिती येते ती दुसऱ्या शाळांमधल्या शिक्षक-मुख्याध्यापकांची, आणि मुख्यतः तपासते ते असं की शाळेने स्वतःबद्दल जे लिहून दिलंय तसं ती वागते का. एखाद्या मुलाची ए खरी आहे का, हे बघायला ती येत नाही.

हे बाहेरच्या विद्यापीठांना पुरतं ठाऊक आहे. म्हणून मूल अमेरिकेऐवजी युरोपात जायचं म्हणालं की गणित बदलतं. नेदरलँड्सच्या संशोधन विद्यापीठांना नुसता डिप्लोमा चालत नाही, सोबत चार विषयांच्या एपी परीक्षा लागतात. ब्रिटनमधली नावाजलेली विद्यापीठंही एपीचे गुण मागतात. एपी म्हणजे 'कॉलेज बोर्ड' या अमेरिकन संस्थेची मे महिन्यातली परीक्षा, १९५५पासून चालत आलेली, एक ते पाच गुणांची, पेपर तपासणारा तुमच्या ओळखीचा नसलेला. म्हणजे परीक्षेच्या धाकातून सुटका म्हणून ज्या शाळेत गेलो, तिथेही शेवटी मुलगी मे महिन्यात रात्री दीडपर्यंत जागत होती. प्रवेश घेतेवेळी हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. आम्ही विचारलंही नाही, लॉकर बघत होतो.

एवढं सगळं लिहूनही, पुन्हा वेळ आली तर मी तिला त्याच शाळेत घालेन. अकरावीच्या त्या बाईंनी एकच निबंध तिच्याकडून चार वेळा लिहून घेतला. तिसऱ्या वेळी ती रडली, चौथ्या वेळी स्वतःहून पहिलं पान फाडून टाकलं, कारण म्हणे खरा निबंध दुसऱ्या पानावर सुरू होतो. हे मला आयुष्यात कुणी शिकवलं नव्हतं. (ही पोस्ट वाचताना तुम्हालाही कळलंच असेल.)

बाईंना तिने नव्या देशात मेल केला. त्यांनी तिथून पत्र लिहिलं, त्यांच्या नव्या शाळेचं पहिलं सत्र सुरू असताना, दोन दिवसांत. सगळे असे नसतात.

गेल्या महिन्यात एक मैत्रीण अशाच एका शाळेची चौकशी करत होती, तेव्हा मी तिला म्हटलं, सिलॅबस विचारू नकोस, हायस्कूलचे शिक्षक सरासरी किती वर्षं टिकतात ते विचार. अ‍ॅडमिशनवाल्या बाईंनी प्रश्न वहीत लिहून घेतला आणि तिला नवा स्विमिंग पूल दाखवायला नेलं. काल मेल आला: सहा वर्षं. मैत्रिणीने लगेच फोन केला, चांगलंय ना? मी म्हटलं, त्यातून ग्रंथपाल आणि तिथेच लग्न करून राहिलेले पीटीचे सर वगळून परत विचार.