व्हिक्टोरियन ख्रिसमस: तेरा जिन्नस, घरचा ओव्हन आणि ‘शुद्ध’ खाण्याची दंतकथा

डिसेंबर उजाडला की एक संदेश मोबाइलवर फिरू लागतो. त्यातला मजकूर साधारण असा: ख्रिसमसचं पुडिंग पूर्वापार तेरा जिनसांचंच, येशू आणि बारा शिष्यांच्या नावाने. व्हिक्टोरिया राणीच्या काळात केक-पुडिंग घरोघरी ओव्हनमध्ये भाजत. तेव्हा भेसळ कुणाला माहीत नव्हती. ‘बारावी रात्र’ हा ख्रिसमसनंतर 6 जानेवारीला येणारा सण राणीने बंद केला. आणि गोव्या-वसईचा ख्रिसमसचा फराळ ही इंग्रजांची देणगी. या पदार्थांबद्दल आणि ते रांधणाऱ्या हातांबद्दल मला मनापासून आस्था आहे, म्हणून गप्प बसवत नाही.

आधी तेरा जिन्नस. इसाबेला बीटन यांच्या 1861च्या घरकाम-स्वयंपाकाच्या प्रसिद्ध इंग्रजी पुस्तकातल्या ख्रिसमस प्लम पुडिंगला लागतात सातच: दीड पौंड मनुका, अर्धा पौंड करंट म्हणजे बारीक काळे बेदाणे, अर्धा पौंड लिंबू-संत्र्यासारख्या फळांची पाकवलेली साल, पाऊण पौंड पावाचा चुरा, तितकीच गुरांची चरबी, आठ अंडी आणि पेलाभर ब्रँडी. साखर नाही, मैदाही नाही. त्याआधी 1845 मध्ये एलायझा अ‍ॅक्टन यांनी छापलेल्या कृतीतले जिन्नस, जायफळ आणि जायपत्री वेगवेगळी धरून, मोजले तर खरोखर तेरा भरतात. पण त्या कृतीत येशूचा उल्लेख नाही की शिष्यांचा. सात आणि तेरा दोन्ही आकडे त्या काळी बिनदिक्कत छापले जात होते, म्हणजे ठरलेला आकडा नव्हताच. संदेशात जे नाही ते बीटनबाईंच्या कृतीत आहे: मनुकांच्या बिया काढा, अर्धे तुकडे करा, पण बारीक चिरू नका. बिनबियांची पाकिटं तेव्हा हाताशी नव्हती. दीड पौंड चिकट मनुका एकेक करून फोडायच्या, बी काढायची, बोटं पाण्यात बुडवायची, पुढची उचलायची. हे काम घरच्या बायका, मोलकरणी आणि पोरं करत. त्या पुडिंगची खरी कहाणी इथे आहे.

आता ओव्हन. पुडिंग भाजत नसत. पीठ लावलेल्या फडक्यात गाठोडं बांधून ते पाण्यात उकळत. बीटनबाईंच्या हिशेबाने पाच-सहा तास आणि वाढायच्या दिवशी पुन्हा दोन तास. गरिबाच्या घरी चालण्याजोगा ओव्हन बहुधा नसायचाच. डिकन्सच्या 1843च्या ‘ए ख्रिसमस कॅरल’ या कथेत गरीब क्रॅचिट कुटुंबाचा हंस बेकरकडे भाजायला गेलेला असतो, आणि पुडिंग शिजतं कपडे उकळायच्या हंड्यात. म्हणून तर ते बाहेर काढताना धुण्याच्या दिवसासारखा वास सुटतो. ‘घरोघरी ओव्हन’ म्हणताना ही सगळी घरं आपण मोजणीतून वगळतो.

भेसळीचा दावा मात्र मला सगळ्यात घातक वाटतो. व्हिक्टोरियन इंग्लंड हे भेसळीने पोखरलेलं होतं. पाव पांढरा दिसावा म्हणून त्यात तुरटी घालत. आर्थर हिल हॅसल या डॉक्टरांनी 1851 ते 1854 या काळात सूक्ष्मदर्शकाखाली बाजारातले खाद्यपदार्थ तपासले आणि निष्कर्ष ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापले. मिठायांच्या पिवळ्या रंगात शिशाचं संयुग निघालं, हिरव्यात तांबं आणि आर्सेनिक. केकवरची रंगीत सजावटही याच धंद्यातून यायची. मग 1858 साली ब्रॅडफर्डमध्ये पेपरमिंटच्या गोळ्या खाऊन सुमारे वीस माणसं दगावली, दोनशेच्या आसपास आजारी पडली. साखर महाग, म्हणून गोळ्यांत स्वस्त पांढरी भुकटी मिसळायची रीतच होती. त्या दिवशी औषधविक्याच्या नोकराने त्या भुकटीऐवजी चुकून आर्सेनिक दिलं. म्हणजे चूक झाली नसती तरी पोरांच्या तोंडात भेसळच जाणार होती. पहिला कायदा 1860 मध्ये आला, तो लेचापेचा. जरब बसवणारा 1875 मध्ये. आज पाकिटावर जिनसांची यादी वाचायला मिळते, त्यामागे अशा मेलेल्या पोरांचा इतिहास आहे. ‘तेव्हा सगळं शुद्ध होतं’ म्हणणं म्हणजे तो पुसून टाकणं.

बाराव्या रात्रीचं थोडक्यात. 1849 च्या जानेवारीत राणीच्याच बाराव्या रात्रीच्या भल्यामोठ्या केकचं चित्र ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’मध्ये छापून आलं होतं. इंग्लंडच्या राणीला स्वतःच्या मर्जीने सण रद्द करायचा अधिकारही नव्हता. 1871च्या कायद्याने 26 डिसेंबरची सुट्टी मिळाली, 6 जानेवारीची नाही. कामगारांच्या शहरांत तो दिवस मागे पडला आणि त्याचा फळांचा केक ख्रिसमसच्या ताटात आला.

राहिला आपल्याकडचा फराळ. पोर्तुगीज गोव्यात आले 1510 मध्ये, वसई त्यांच्याकडे गेली 1534 मध्ये. व्हिक्टोरिया गादीवर बसली 1837 मध्ये, तोवर वसई पोर्तुगीजांच्या हातून जाऊनही शतक होत आलं होतं. नेवऱ्या आपल्या करंजीच्या सख्ख्या बहिणी. दोदोल तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि माडाच्या गुळाचं, तासन्‌तास ढवळत आटवलेलं. बेबिंकाचा एकेक थर वरून निखाऱ्यांची धग देऊन भाजायचा. यात इंग्रजी ओव्हन कुठेच येत नाही. रममध्ये भिजवलेल्या सुक्या मेव्याचा केक इंग्रजी वाटेने आला, हे खुशाल लिहा. पण नेवऱ्या, दोदोल आणि बेबिंका इंग्रजांच्या खात्यावर टाकणारं ते वाक्य तेवढं, संदेश पुढे पाठवण्याआधी, काढून टाका.