मालकाचे उत्तर: ‘रेडिओचं म्हणून भलतंच गळ्यात मारलं’ या अभिप्रायाला

नमस्कार साहेब,

आपला एक स्टार आणि त्याखालचा मजकूर वाचला. आपला हिरमोड झाला याबद्दल दिलगीर आहे. पण ‘रेडिओवरचं म्हणून भलतंच गळ्यात मारलं, सरळ फसवणूक’ असं चारचौघांत लिहिलंत, त्यावर गप्प बसलो तर उद्या रत्नागिरीत माझ्या दुकानाची पायरी कोण चढणार?

आपण गीतरामायणाचा एचएमव्ही कंपनीचा दहा एलपींचा, म्हणजे मोठ्या तबकड्यांचा, संच नेलात. तक्रार अशी, की घरी लावल्यावर सगळी गाणी बाबूजींच्याच, म्हणजे सुधीर फडक्यांच्याच, आवाजात निघाली, माणिक वर्मा कुठेच नाहीत. साहेब, त्या नसणारच! पुणे आकाशवाणीवर १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी गीतरामायण सुरू झालं, तेव्हा माणिकताई, वसंतराव देशपांडे, ललिताबाई फडके, सुरेश हळदणकर असे निरनिराळे गळे होते. आठवड्याला एक नवं गाणं. त्या वर्षी अधिक महिना आला म्हणून बावन्नची छप्पन्न झाली. गदिमांनी तीही लिहून दिली, ही गंमत मी आपल्याला काउंटरवर सांगितली होती. एचएमव्हीच्या तबकड्या त्यानंतरच्या. त्यांत छप्पन्नच्या छप्पन्न गाणी एकट्या सुधीर फडक्यांनी गायली आहेत. हा संच रेडिओवरून उतरवलेला नाही, आणि तसा तो आहे असं मी कोणालाच सांगत नाही. ‘रेडिओवर गाजलेलं’ म्हणालो होतो. गाजलेलं नव्हतं का?

प्रत्येक तबकडीच्या लेबलवर गायकाचं नाव छापलेलं असतं. पहिली तबकडी काढून मी आपल्यासमोर धरली, वहिनींनी नाव मोठ्याने वाचलं. आपण तेव्हा फोनवर होतात. मग दोन गाणी लावूनही दाखवली. ‘वा, आमचे आजोबा हेच ऐकायचे,’ हे आपलेच शब्द. आजोबांनी रेडिओवर ऐकलं असेल, नाहीतर तबकडीवर, ते मी कसं सांगणार?

दराचंही लिहिलंय. मुंबईच्या फुटपाथवर स्वस्त मिळतं, मान्य. आमच्याकडे चार महिने पावसात तबकडीला बुरशी धरते. कपाटात रात्रंदिवस बल्ब पेटता ठेवून, एकेक तबकडी उभी ठेवून, महिन्याला पुसून हा माल टिकवलाय. विजेचं बिल मलाच येतं. आणि मी ‘उद्धट’ बोललो म्हणालात, तर आंबापोळी खाता खाता आपण तबकडीच्या मधोमध अंगठा टेकवलात, तेव्हा ‘अहो, कडेने धरा’ एवढंच म्हणालो होतो. आवाज चढला असेल. जीव तुटतो हो.

यापुढे असे संच विकताना गायकाचं नाव पाटीवर लिहिणार आहे, बाकीही काय सुधारता येईल ते बघतो. संच नको असेल तर घेऊन या, पैसे परत देईन. फक्त त्या अंगठ्याच्या डागाला साबण लावू नका, ओल्या फडक्याने खसखसून घासूही नका, आहे तशी कव्हरात घालून आणा, मी बघतो. दुकान दुपारी एक ते चार बंद असतं, तेवढं बघून निघा.