“पीएफचे 6,840 रुपये मधल्यामध्ये खाल्ले” या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार साहेब. दोन दिवस तुमचा फोन उचलला गेला नाही, त्याबद्दल माफ करा. चूक आमचीच. पण “क्लेम 68,400 चा, खात्यात आले 61,560, मधले यांनी खाल्ले” हे वाचून फार लागलं. आम्ही फक्त पीएफ काढायचे फॉर्म भरून देतो. पीएफचा पैसा आमच्या हातात येतच नाही, पीएफ ऑफिस तो थेट तुमच्या बँकेत टाकतं. एक स्टार द्या, पण चोर म्हणू नका.

6,840 हा टीडीएस आहे, म्हणजे पैसे देतानाच कापलेला आयकर, 1961 च्या आयकर कायद्याच्या कलम 192ए चा. नोकरी पाच वर्षांपेक्षा कमी आणि रक्कम 50,000 किंवा त्याहून जास्त असली की 10 टक्के कापतात. यूएएनला (पीएफच्या कायमच्या नंबरला) पॅन जोडलेलं नसेल तर 20 टक्के. तुमच्या पॅनवरचं आणि आधारवरचं नाव जुळत नव्हतं. ते आधी दुरुस्त करून घेतलं, नाहीतर 13,680 गेले असते. ज्या 500 रुपयांना तुम्ही “फुकटच्या कामाचे पैसे” म्हणता, त्यात हेही होतं.

आता मुख्य मुद्दा. या कंपनीतली तुमची नोकरी 2 वर्षं 3 महिने, आधीच्या कंपनीतली 3 वर्षं 2 महिने. जुनं खातं आधी ट्रान्सफर केलं असतं तर दोन्ही मिळून पाच वर्षं भरली असती आणि एक रुपयाही कापला गेला नसता. हे जानेवारीतच सांगितलं होतं. जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरली नव्हती. तीही आधार ओटीपीने तुम्हालाच भरता आली असती. पण “थांबायला वेळ नाही, आत्ताच फॉर्म 19 भरा” (म्हणजे पीएफ पूर्ण काढायचा फॉर्म) असं तुम्हीच म्हणालात.

आणि “दुसरे लोक 15जी भरून टीडीएस वाचवतात” म्हणे! 15जी म्हणजे ‘माझा टीडीएस कापू नका’ असं लिहून द्यायचा फॉर्म. वर्षाचा कर शून्य येणार असेल तरच तो देता येत होता. तुमचा पगार इथे लिहीत नाही, पण कर लागतो एवढं नक्की. खोटं 15जी दिलं असतं तर त्याच कायद्याच्या कलम 277 खाली खटला होऊ शकला असता, आणि खाली सही तुमची असते, आमची नाही.

पैसे बुडालेले नाहीत. जानेवारी ते मार्चच्या टीडीएसचं विवरण भरायची मुदत 31 मे होती, त्यामुळे आता फॉर्म 26एएसमध्ये (तुमच्या पॅनवर जमा झालेल्या कराच्या उताऱ्यात) 192ए ची नोंद बघा. रिटर्न भरताना कंपनीचा हिस्सा आणि त्यावरचं व्याज पगारात दाखवायचं, तुमच्या हिश्श्यावरचं व्याज ‘इतर उत्पन्ना’त. तुमचा मूळ हिस्सा करपात्र नाही, फक्त त्यावर पूर्वी 80सी ची (बचतीवरची) करसूट घेतली असेल तर ती उलटते. टीडीएस मात्र सगळ्या 68,400 वर कापलाय, तो पूर्ण तुमच्या करात वळता होतो, जास्तीचा परत मिळतो. त्या रिटर्नची मुदत वाढून 16 सप्टेंबर 2025 झाली होती.

यापुढे टीडीएसचा आकडा पावतीवर लिहून देऊ, फोनचंही काहीतरी बघतो. जुन्या खात्यातले पैसे मात्र आता घाईने काढू नका. नवी नोकरी लागली की तिकडे ट्रान्सफर करा.