टाळू बसली म्हणून मिठाचे पाणी?

दारव्हा तालुक्यात मोबाइलवरून फिरणारा एक संदेश परवा माझ्या भाचीपर्यंत पोहोचला आणि तिने फोन करून विचारले, "मामा, पाजू का जी?" बाळ अवघे १७ दिवसांचे. संदेश म्हणतो की बाळाची टाळू बसली म्हणजे ऊन बाधले. वाटीभर पाण्यात चमचाभर मीठ घालून पाजावे, टाळूवर एरंडेल थापावे आणि रक्ततपासणी ही दवाखान्यांची लूट समजावी.

पहिल्या वाक्यात अर्धे सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. खोल गेलेली टाळू शरीरातले पाणी घटल्याचे लक्षण आहेच. मात्र त्याला कारण उन्हाचेच असेल असे नाही, आणि सहा महिन्यांपर्यंतच्या बाळाला मे महिन्यातही आईचे दूधच वरचेवर पाजायचे असते, वरचे पाणी नव्हे.

मिठाचा सल्ला मात्र जिवावर बेतणारा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ पासूनच्या ओआरएसच्या सूत्रात एक लिटर पाण्याला २.६ ग्रॅम मीठ असते. चहाच्या सपाट चमच्यात पाच-सहा ग्रॅम मावते. म्हणजे दोन लिटरांचे मीठ हे लोक एका वाटीत कालवतात. तान्ह्याच्या मूत्रपिंडांना ते झेपत नाही, मिठातले सोडियम रक्तात चढते, मेंदूच्या पेशींतले पाणी ओढले जाते आणि बाळाला झटके येतात. त्यातही फसवी गोष्ट अशी की सोडियम चढलेल्या बाळाच्या पोटाची कातडी मळलेल्या कणकेसारखी लागते, पाणी घटले का ते पाहायला चिमटीत धरून सोडल्यावर बऱ्यापैकी लवकर बसते, आणि घरचे निर्धास्त राहतात.

एरंडेलाने टाळू वर येत नाही. त्यावर अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

राहिली तपासणी. भाचीच्या बाळाला ना हगवण होती ना ओकारी, तरी लंगोट सकाळपासून कोरडा होता. दूध पुरेसे पोटात न गेलेल्या बाळाचे सोडियम चढते, तर अधिवृक्क (मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल) ग्रंथींच्या एका जन्मजात विकारात दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ते उतरते आणि पोटॅशियम चढते. दोन्ही बाळे सारखीच सुकलेली दिसतात, उपचार मात्र वेगळे, आणि चढलेले सोडियम घाईने उतरवले तरी मेंदूला सूज येते. हा फरक रक्त तपासल्याशिवाय कोणत्या आजीबाईला कळणार? शिवाय जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाची तपासणी, औषधे आणि नेण्या-आणण्याची गाडी सरकारी दवाखान्यात मोफत आहे. मग लूट कसली?

रक्तातले सोडियम लिटरला १३५ ते १४५ मिलिमोल असायला हवे. भाचीच्या बाळाचे १५८ निघाले. सासूबाईंनी कालवून ठेवलेली मिठाची वाटी तेव्हा घरी चुलीजवळ तशीच भरलेली होती.