दादाचा चेहरा आणि कार्यालयातली स्क्रीन

मागच्या महिन्यात पुतणीचे लग्न झाले. आमचा दादा घट्ट मनाचा. आई गेली तेव्हाही लोकांदेखत त्याने डोळ्यांत पाणी येऊ दिले नव्हते. मंगलाष्टकांच्या शेवटच्या कडव्याला मात्र त्याने ओठ मुडपले आणि हनुवटीवर लिंबाच्या सालीसारख्या बारीक खळ्या उमटल्या. नेमका तोच क्षण व्हिडिओवाल्याने जवळून टिपला आणि कार्यालयातल्या भल्यामोठ्या एलईडी स्क्रीनवर दाखवला. हातात अक्षता घेतलेली माणसे अंतरपाट सोडून तिकडे पाहू लागली; ‘रडा काका, रडा,’ असे कोणीतरी हसत म्हणालेसुद्धा. दादा माझ्याकडे वळून पुटपुटला, ‘धुराने डोळे चुरचुरतायत.’ होम तेव्हा पेटायचा होता.

चेहरा पडतो, उतरतो, तोंड एवढेसे होते, रंग उडतो. आपल्या बोलण्यात यांतले काहीच माणूस ‘करत’ नाही, ते त्याचे होते. नाट्यशास्त्रकार भरतमुनींनीही अश्रू, कंप, वैवर्ण्य (रंग उडणे) यांना बाकीच्या अभिनयापासून वेगळे काढून आठ सात्त्विक भावांत बसवले, कारण मन एकाग्र झाल्याशिवाय ते नटालाही साधत नाहीत. डार्विनने १८७२ साली भावदर्शनावर जे पुस्तक लिहिले, त्यात आगगाडीत समोर बसलेल्या एका वृद्ध बाईंची हकिगत आहे. चेहरा शांत, पण ओठांचे कोपरे किंचित खाली ओढले गेलेले. यावरून काही ठरवणे फसवे आहे, असे त्याच्या मनात येते न येते तोच बाईंचे डोळे काठोकाठ भरले. ओठांचे कोपरे खाली ओढणारे स्नायू इच्छेला फारसे जुमानत नाहीत, असे त्याचे म्हणणे होते. एखादी दुःखद आठवण, कदाचित फार पूर्वी गमावलेले मूल बाईंना आठवले असावे, असेही तो लिहितो. पण तो ‘कदाचित’ डार्विनचा. बाईंच्या चेहऱ्याने फक्त काहीतरी दुखते आहे एवढेच सांगितले होते.

माझा आक्षेप इथेच आहे. चेहऱ्यावरून दुःख दिसते, त्याचे कारण दिसत नाही, आणि आपण मात्र कारणही वाचल्याच्या थाटात वागतो. दादाला लेक सासरी चालल्याचे रडू आले, असे सगळ्यांनी ठरवून टाकले. त्याला त्या क्षणी आई आठवली असेल, किंवा कर्जाचा हप्ता. मला ठाऊक नाही, आणि मी त्याचा सख्खा भाऊ आहे. पूर्वी अशा वेळी शेजारचा माणूस मान वळवी, नाहीतर उगाच पाण्याचा तांब्या पुढे करी. ‘चेहरा का पडलाय?’ असे चारचौघांत विचारणाऱ्या आत्या तेव्हाही होत्याच, पण त्यांच्याकडे निदान झूम नव्हते.

काल व्हिडिओची कच्ची प्रत आली. रात्री दादाचा फोन आला. जेवणाचे, हिशेबाचे बोलून झाल्यावर तो म्हणाला, ‘ते धुराचं तेवढं काढायला सांग रे त्याला.’